भिड्यांची विलायती घार

भिड्यांच्या घरातला फोन वाजेनासा झाला आणि त्याला कारण एक घार झाली, हे उमाबाई कोणाला सांगायला गेल्या असत्या तर लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं असतं. म्हणून त्या सांगत नसत. आतल्या आत धुमसत, आणि केर काढताना नवऱ्याच्या पायांना केरसुणी लागेल अशा बेताने काढत.

घार काही परसातल्या माडावरची नव्हती. असती तर उमाबाईंनी तिला केव्हाच हुसकून लावली असती. ही घार राहत होती स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा तळ्याकाठी, एका वाळक्या झाडाच्या शेंड्यावर. तिथल्या रिकामटेकड्या लोकांनी तिच्या घरट्याशेजारी कॅमेरा बसवला होता, आणि त्यातलं चित्र टेलिफोनच्या तारेतून भाट्याला, भिड्यांच्या माजघरातल्या कॉम्प्युटरवर येऊन पडत होतं. एक चित्र आलं की थोड्या वेळाने दुसरं. दोन्हींत घार तशीच बसलेली. पण पहिल्या चित्रात तिची मान डावीकडे होती आणि दुसऱ्यात उजवीकडे, एवढ्या घडामोडीवर श्यामराव भिडे, जिल्हा परिषदेतून मानाने निवृत्त झालेले गृहस्थ, जेवण संपेपर्यंत बोलू शकत.

नाव तिचं ऑस्प्रे. मासे मारून खाते. अगदी तसलाच पक्षी दर हिवाळ्यात भाट्याच्या खाडीवर येतो, खुंटावर बसतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात सूर मारून मासा उचलतो. श्यामराव नोकरीभर त्याच खाडीवरच्या पुलावरून ऑफिसला गेले, पण मान वर करून बघायला त्यांना कधी फुरसत झाली नाही. तोच पक्षी विलायतेत अंडी घालू लागला आणि कॅमेऱ्यात आला, तेव्हा मात्र त्यांना पक्षिप्रेमाचा उमाळा फुटला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

ह्या नादाला त्यांना लावलं मनस्विनीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीने. ती मारुती मंदिराजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. आता खरं सांगायचं तर सुरुवात उमाबाईंनीच केली होती. श्यामराव निवृत्त झाले आणि हात धुऊन स्वयंपाकघराच्या मागे लागले. डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. आमटीत गूळ आधी की मीठ आधी, याची रोज चौकशी सुरू केली. उमाबाई टेकीला आल्या आणि मुलीला म्हणाल्या, बाई गो, ह्यांना कुठेतरी गुंतव. मुलगी आज्ञाधारक. तिने एप्रिलात घरी कॉम्प्युटर आणला, ओटीवरच्या फोनची तार माजघरापर्यंत ओढली आणि वडिलांना घरट्यासमोर बसवलं. ते जे बसले ते बसलेच. घार निदान अंडी उलटीपालटी करायला तरी उठायची.

उमाबाईंनी एकदा चष्मा लावून घारीचा संसार बघितला होता आणि त्यांचं मत तिथल्या तिथे झालं. घरटं म्हणजे नुसती सरपणाची रास. नर मासा आणायचा, त्याचं मुंडकं आधी आपण खाऊन घ्यायचा, उरलेला बायकोपुढे टाकायचा आणि मोठा पराक्रम केल्यासारखा शेजारच्या फांदीवर जाऊन बसायचा. असला नवरा बघायला विलायतेत कशाला जायला हवं, असं त्या म्हणाल्या. श्यामरावांचं लक्ष पडद्याकडे होतं, त्यामुळे त्यांना ते लागलं नाही.

वाडीतली माणसंही जमू लागली. शेजारचा बाबू शिवलकर तर चहाच्या वेळेला हटकून यायचा. पडद्यावर धड शेपटीएवढा मासा दिसायचा नाही, पण तो कुठला यावर वाद रंगायचा. बाबू म्हणायचा बोय आहे, श्यामराव म्हणायचे ट्राउट. ज्या घरात एकादशीला कांद्याची टोपली माळ्यावर जायची, त्या घरात एकादशीलाच मांडीवर खिचडीची ताटली घेऊन यजमान विचारत होते, "बाबू, कल्ले काढून भरवत असेल काय रे पिल्लांना?" देवघर माजघराला लागून. उमाबाई देवासमोर दिवा लावायच्या आणि देवाची क्षमा मागायच्या, नवऱ्याच्या वतीने.

इथपर्यंत सगळं सोसलं असतं. पण इंटरनेट चालू असलं की फोन बंद, हा त्यातला खरा घात होता. बाहेरून कोणी फोन केला की त्याला आपली 'टूंक टूंक' ऐकू यायची. आणि नेमका त्याच पावसाळ्यात उमाबाईंना एका फोनची चातकासारखी वाट बघायची पाळी आली.

जूनच्या शेवटी संगमेश्वरचे जोगळेकर मनस्विनीला बघून गेले. मुलगा विनीत, पुण्याला इंजिनियर, रंगाने उजळ, पत्रिका उत्तम जुळलेली. वडील अप्पा जोगळेकर म्हणजे खणखणीत माणूस. मुलाला काय आवडतं असं श्यामरावांनी विचारलं, तर अप्पांनी सांगितलं, त्याला वाचनाची आवड आहे. मनस्विनीने मुलाकडे बघून विचारलं, पुण्यात कुठे राहता, तर तेही अप्पांनीच सांगितलं. पोहे आणखी हवेत का, तर अप्पा म्हणाले, त्याला पुरे. मुलगा सबंध वेळ गालिच्याकडे बघत होता. मंडळी गेल्यावर मनस्विनी म्हणाली की मला हा नको. उमाबाईंनी ते कानाआड केलं. मुली आधी नकोच म्हणतात. आणि वडिलांच्या शब्दाबाहेर नसलेला मुलगा हल्लीच्या दिवसांत दिवा घेऊन शोधला तरी सापडतो कुठे?

अप्पा निघताना म्हणाले होते, विचार करून फोनवर कळवतो. झालं, उमाबाईंचं लक्ष त्या फोनला लागलं. आता कोणी म्हणेल, एवढं होतं तर आपणच करायचा होता एक फोन. हे बोलणाऱ्याने कधी मुलगी उजवलेली नसणार. मुलीकडच्यांनी आपण होऊन फोन केला की पोरगी खपवायची घाई झाली असा त्याचा अर्थ होतो, आणि ती मान एकदा खाली गेली की नातवंडांच्या मुंजीपर्यंत वर येत नाही. फोन तिकडून यायचा असतो. इकडच्यांनी फक्त तो वाजू द्यायचा असतो, आणि तेवढंच भिड्यांच्या घरात होत नव्हतं.

उमाबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की संध्याकाळी सात ते नऊ घार बंद. लोक त्याच वेळेला फोन करतात. श्यामरावांनी आढेवेढे घेतले, पण अखेर मान्य केलं, फक्त आणीबाणीचा प्रसंग सोडून. हा आणीबाणीचा प्रसंग त्यांनी सरकारी नोकरीतून आणला होता. आणि काय सांगावं, घारीच्या घरावर जी जी म्हणून आणीबाणी यायची ती बरोबर सातनंतर यायची. कधी पिल्लाची मान पडलेली दिसायची, कधी कावळा टपलेला असायचा, कधी वादळ व्हायचं. मनस्विनी बिचारी क्लासातून दमून आलेली असायची, तरी वडिलांसाठी म्हणून उघडून बघायची आणि हळूच सांगायची, "बाबा, धाकट्याचं काही खरं दिसत नाही हो." की श्यामराव धावले. उमाबाईंना मुलीचं कौतुकच वाटायचं. बापाची केवढी माया. असा बाप असूनसुद्धा.

जुलै लागला तरी फोन नाही. उमाबाईंची झोप उडाली. शेवटी एका सकाळी त्या नारळ घेऊन गावदेवीला गेल्या, मनूच्या लग्नाचा कौल लावावा म्हणून. देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, उजवीकडचा दाणा आधी पडला तर देवीचा होकार. भिड्यांच्या घरातली सगळी लग्नं ह्याच कौलावर झाली होती. गुरव आत्माराम गाभाऱ्याच्या पायरीवर सुपारी कातरत बसला होता. त्याने उमाबाईंना बघितलं आणि मान हलवली.

"आज नाय व्हायचं, वैनी. एका घराला दिवसाला एकच कौल. तुमच्याकडचा लावून झाला."

"आमच्याकडचा? कोणी लावला?"

"श्यामभाऊ आले होते ना सकाळीच. त्या घारीचा घो दोन-तीन दिवस घराकडे फिरकला नाय म्हणून. मी रीतसर गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, आई, लेकुरवाळी बाई परमुलखात एकटी पडलेय, तिचा धनी जिथं अडला असेल तिथनं सोडव. उजवा दिला हो देवीने. जरा वेळ लावला, पण दिला."

उमाबाई नारळासकट परत आल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावदेवीचा उजवा कौल, जो त्यांच्या मुलीच्या वाट्याला यायचा, तो कच्चे मासे खाणाऱ्या एका पाखराने उचलला होता. दुसऱ्या दिवशी घारीचा घो खरोखरच मासा घेऊन घरट्यावर हजर झाला. वाडीत आत्मारामाचं नाव झालं. श्यामरावांनी देवीला पेढे ठेवले. उमाबाईंना वाटलं असतं तर त्या दिवशी त्यांचाही कौल लागला असता, पण घारीच्या मागे रांगेत उभं राहण्याइतक्या त्या अजून खाली आल्या नव्हत्या.

फोन आला तो बाबू शिवलकराकडे. भिड्यांकडे स्वतःचा फोन नव्हता तेव्हापासून बाबूचा नंबर पत्रिकेच्या कागदावर पी.पी., म्हणजे शेजारचा नंबर, म्हणून पडलेला होता. अप्पा जोगळेकर बाबूला तिकडून बोलले की गेला सबंध महिना मी भिड्यांना फोन लावतोय, तो सदा गुंतलेला, त्यांच्या घरात फोनवर एवढं बोलतं तरी कोण? मुलीचं कुठे काही आहे का? बाबू सरळ माणूस. जिथे खोटं बोलायला हवं तिथे नेमका त्याला सत्याचा झटका येतो. तो म्हणाला, छे हो, कोण बोलत नाही, ते विलायतेतल्या घारीचं घरटं बघतात. मग अप्पा म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो.

बाबूने हे येऊन सांगितलं तेव्हा उमाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली, पण त्या डगमगणाऱ्यांतल्या नव्हत्या. स्वतः अप्पा येतायत म्हणजे अजून सगळं संपलेलं नाही. त्यांनी मोर्चेबांधणी केली. कॉम्प्युटरवर भरतकामाची चादर टाकली. वर गणपतीची तसबीर ठेवली. श्यामरावांना सकाळीच बाजारात पिटाळलं आणि एवढी कामं सांगितली की दिवस मावळायच्या आत परतायची सोय नव्हती. मनस्विनीला रजा घ्यायला लावली, बदामी साडी नेसवली आणि पढवून ठेवलं की विचारलं तरच बोलायचं, तेही खाली बघून. ओटीवरचा फोन फडक्याने पुसला आणि रिसीव्हर उचलून पाहिला. बरेच दिवसांनी तो गोड आवाज ऐकून त्यांचं मन भरून आलं.

संगमेश्वरची एसटी उशिरा आली. पाऊस कोसळत होता. अप्पा जोगळेकर छत्री मिटत ओटीवर आले, पाय धुतले, झोपाळ्यावर न बसता खुर्चीवर बसले आणि घराकडे असं बघू लागले जसं काही त्यांना ते घर जप्त करायचं होतं. विनीत आला नव्हता. त्याची गरजही नव्हती. उमाबाईंनी चहा दिला, घारगे दिले. मनस्विनी येऊन नमस्कार करून आत गेली. अप्पांनी घारगा चावत मूळ मुद्द्याला हात घातला. फोनचं काय?

उमाबाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणाल्या, काय सांगायचं अप्पा, पावसाने फोन मुका झाला होता. आता कालच बोलता झालाय. बाबू ना, त्याला थट्टेची सवय आहे. घार कसली आणि काय कसली, ह्या वयात आम्हाला घारी बघायला वेळ कुठे?

अप्पांचा चेहरा जरा सैल पडला. ते म्हणाले, मलाही ते चमत्कारिकच वाटलं होतं. मग चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "सुरू झालाय म्हणता, तर घरी पोचल्याचं कळवतो."

उमाबाई आनंदाने म्हणाल्या, कळवा की. अप्पांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि दचकून लांब धरला. आतून किर्र-घुर्र असा कर्कश आवाज येत होता, जणू कोणी पत्र्यावर खिळे ओढत होतं. त्यांनी पुन्हा कानाला लावला. पुन्हा तेच. आणि त्याच क्षणी माजघरातून दहा-बारा माणसांनी एकदम सोडलेला सुस्कारा ऐकू आला.

"गेली. लाइन तुटली," आतून बाबू म्हणाला. "फोन कोणी उचलला?"

दार उघडलं आणि श्यामराव बाहेर आले. बाजाराच्या पिशव्या अजून खांद्याला, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मागे बाबू, आत्माराम गुरव आणि अर्धी वाडी. ही सगळी मंडळी मागच्या दाराने कधी आत शिरली आणि गणपतीची तसबीर कोणी उचलून बाजूला ठेवली, हे उमाबाईंना तेव्हा कळलं नाही. श्यामरावांनी तर पाहुण्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगो, थोरलं पिल्लू काठावर येऊन पंख उघडून उभं होतं. आज पहिलं उड्डाण. आणि तू फोन उचलतेस?"

"मी उचलला," अप्पा म्हणाले.

दुसरा कोणी असता तर तिथे शरमून गप्प बसला असता. पण श्यामरावांना वाटलं, पाहुणा उत्सुक आहे. त्यांनी अप्पांचा हात धरला, या या म्हणत त्यांना माजघरात नेलं आणि पडद्यासमोरच्या मानाच्या खुर्चीत बसवलं. मनस्विनी तिथे होतीच. तिने मुकाट्याने पुन्हा लाइन जोडली. चित्र वरून खाली हळूहळू उतरू लागलं. आधी नुसतं आभाळ आलं. मग फांदीचं टोक. मग घरट्याची कड. सगळ्यांनी श्वास धरला होता. अप्पांनीही धरला, आपण तो का धरलाय हे त्यांना ठाऊक नसताना. चित्र पुरं झालं. घरट्यात धाकटं पिल्लू एकटंच होतं. थोरलं उडालं होतं. अप्पांच्या हातात रिसीव्हर होता तेवढ्यात ते उडालं होतं.

अर्धी वाडी अप्पांकडे वळून बघू लागली. एखाद्याने भर लग्नात अंतरपाट फाडला तर त्याच्याकडे बघतील तशा नजरा होत्या. शेवटी आत्माराम गुरव समजुतीच्या सुरात म्हणाला की जाऊ दे, पाहुण्यांना काय माहीत, धाकटं अजून उडायचं आहे. अप्पा जोगळेकरांना आयुष्यात कोणी माफ केलेलं नव्हतं. त्यांना ते झोंबलं. ते उठले आणि थेट मनस्विनीला म्हणाले, "मुली, हे तुमच्याकडे रोज असंच चालतं?"

मनस्विनीने आईने शिकवल्याप्रमाणे खाली बघितलं.

"हो. पण लग्न झाल्यावर तुमच्याकडेसुद्धा सोय करीन मी. कॉम्प्युटर घेऊनच येईन. मी गेल्यावर बाबांना इथे चालू करता यायचं नाही, म्हणून ते हंगामापुरते येऊन राहतील. तुमच्याकडे फोन आहे ना?"

अप्पांनी छत्री मागितली. पाऊस धो धो पडत होता, उमाबाई थांबा म्हणत होत्या, पण ते थांबले नाहीत. जाताना त्यांनी कळवतो असंही म्हटलं नाही. उमाबाई ओटीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि आत माजघरात पिल्लू तळ्याच्या बाजूला गेलं असेल की डोंगराच्या, यावर चर्चा सुरू झाली.

त्यानंतर उमाबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला. ताट आपटून वाढायच्या, पाणी न विचारता ठेवायच्या, निजताना पाठ करून निजायच्या. पंधरवड्यानंतर श्यामरावांनी मनस्विनीला सांगितलं की हल्ली तुझ्या आईचा स्वभाव किती शांत झालाय, नाही? असल्या माणसाशी अबोला धरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उमाबाईंनी तो नाद सोडला. मुलीचा मात्र त्यांना फार कळवळा यायचा. बिचारीला बोलायचं भान नाही, मनात आलं ते साधेपणाने बोलून गेली आणि हातचं स्थळ गेलं.

भाद्रपदात घारी उडून गेल्या. आधी मादी, मग पिल्लं, शेवटी नर. श्यामराव रिकाम्या घरट्यासमोर आठवडाभर बसले. रिकामं घरटं बघण्यात कसली गोडी होती ते त्यांनाच ठाऊक. मग तेही चित्र यायचं बंद झालं आणि पुढच्या एप्रिलात भेटू असा मजकूर आला. उमाबाईंनी घारीच्या नावाने अंघोळ केली. फोन मोकळा झाला. त्या अधूनमधून रिसीव्हर उचलून तो मोकळा आवाज ऐकायच्या आणि समाधानाने खाली ठेवायच्या.

आणि देवाला दया आली. पावसहून त्यांच्या मावसबहिणीने एक स्थळ सुचवलं. मुलगा शौनक, घरच्या हापूसच्या बागा, शिकलेला, वडील गावात वजनदार. मनस्विनीचा फोटो त्यांना पसंत पडला होता. रविवारी संध्याकाळी बघायचा दिवस ठरवायला फोन करतो असा निरोप आला. उमाबाईंनी रविवारी दुपारपासून ओटी सोडली नाही. दिवेलागणीला फक्त देवापुढे वात लावायला आत गेल्या, आणि देवघरात ती पेटवत असतानाच शेजारून तो ओळखीचा आवाज आला. किर्र. घुर्र.

माजघरात श्यामराव खुर्चीत पुढे झुकून बसले होते आणि मनस्विनी माउस हलवत होती. पडद्यावर बर्फ होतं आणि बर्फात काळे कोट घातलेल्या वकिलांसारखे कसलेसे पक्षी उभे होते.

"पेंग्विन आहेत, बाबा. दक्षिण ध्रुवाकडचे," मनस्विनी समजावत होती. "तिकडे सगळं उलटं. इकडचा हंगाम संपला की त्यांचा सुरू होतो. आता अंडी घालतील, ते थेट फेब्रुवारीपर्यंत."

उमाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वातीने त्यांचं बोट पोळलं होतं, पण तिकडे लक्ष नव्हतं. सातनंतर घरटं कोण उघडायचं, धाकट्याचं काही खरं दिसत नाही असं कोण सांगायचं, भिजलेल्या बापाला मागच्या दाराने आत कोणी घेतलं आणि गणपतीची तसबीर कोणी उचलली, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून ओळीने गेलं. आपण सबंध पावसाळा त्या आंधळ्या माणसाला शिव्या घातल्या, आणि करणारी होती ही, बदामी साडीतली, खाली बघून बोलणारी. आपल्याच पोटची. राग तर आलाच, पण त्यांना मनातून जरा धाकही वाटला.

"मनू," त्या म्हणाल्या, "तुला तो विनीत खरंच नको होता?"

"मी सांगितलं होतं, आई. त्याच दिवशी. त्याला एक वाक्य बोलता येत नव्हतं. मी काय त्याच्या वडिलांशी संसार करू?"

"आणि हा पावसचा?"

"त्याला मी कुठे ओळखते? तूही ओळखत नाहीस. तुम्ही आपलं वडील कसे ते बघता." मनस्विनीचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले होते. "तू ऐकत असतीस तर मला एवढं करायला लागलं नसतं."

उमाबाईंनी पदराने बोट पुसलं, पुढे झाल्या आणि श्यामरावांना म्हणाल्या की तुमची पाखरं जरा थांबवा, फोन यायचाय. मुलाशी मनू स्वतः बोलेल. बोलून पटला तर पुढे जाऊ. श्यामराव म्हणाले, पण त्यांची अंडी कधी येतील सांगता येत नाही. उमाबाई म्हणाल्या, बर्फात आहेत, नासत नाहीत.

लाइन सोडली आणि फोन लगेच वाजला. इतक्या महिन्यांत त्या घरात फोन पहिल्यांदाच असा खणखणला. तिघंही ओटीवर गेली. उमाबाईंनी रिसीव्हर उचलला. पलीकडून भरदार आवाजात शौनकचे वडील बोलत होते. नमस्कार चमत्कार झाले. पुढल्या रविवारी येतो म्हणाले. उमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या आईने बोलू नये ते बोलल्या.

"शौनकराव आहेत का तिथे? आमची मनस्विनी त्यांच्याशी दोन शब्द बोलेल म्हणते."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग वडील म्हणाले, "आहे की, इथेच शेजारी बसलाय. पण त्याला काय विचारायचं ते मला विचारा. त्याला वाचनाची आवड आहे."

उमाबाईंनी एकदा मुलीकडे बघितलं. मग रिसीव्हर अलगद, अगदी हळुवारपणे खाली ठेवला, माजघरात गेल्या आणि स्वतःसाठी एक पाट ओढून घेतला.

"लाव गो तुझे ते पेंग्विन," त्या म्हणाल्या.